निधी समर्पित

सुकरीबाई कुमोटीला राग आला की ती आधी झाडू शोधते. कोणाला मारायला नाही, अंगण झाडायला. सकाळी तिच्या अंगणातून खर्र खर्र आवाज सुरू झाला आणि थांबायचं नाव घेईना, की बोरहेटीची माणसं एकमेकांना विचारतात, "आज कोनाची पाळी हाये बाप्पा?" नवरा लच्छू तर अशा वेळी कुऱ्हाड खांद्यावर टाकून गुपचूप बांबूच्या जंगलात निघून जातो आणि जेवणाच्या वेळेपर्यंत तोंड दाखवत नाही. गरीब माणूस आहे, त्याचा काही दोष नसतो.

पण एक राग असा आला, जो झाडून झाडून संपला नाही. अजून संपलेला नाही. आणि संपू पण नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बोरहेटी गडचिरोलीच्या जंगलात आहे. तालुका सांगत नाही. सांगून काय मिळणार? नाव बदला, गाव बदला, गत तीच. सूरजागडच्या पहाडाकडून लाल मातीचे ट्रक ज्या सडकेनं जातात ती सडक सोडायची, मोहाच्या झाडांमधून चालत सुटायचं, नाला ओलांडायचा की बोरहेटी. नाला उन्हाळ्यात कोरडा असतो, आणि पावसाळ्यात त्याच्यासमोर कोणाचं काही चालत नाही.

सुकरीचं शिक्षण या असल्याच नाल्यात बुडालं. माहेरच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीची शाळा नाल्यापलीकडे. त्या वर्षी नाला भरला, बाप म्हणाला, "पाऊस जाऊ दे, मंग पाहू." पाऊस गेला, मोहाची फुलं आली, मग तेंडूची पानं आली, मग सुकरीला पाहायला पाहुणे आले. शाळेचं कोणी पाहिलं नाही. म्हणून तिची पोरगी दिव्या गावातल्याच शाळेत पहिलीला बसली, त्या दिवशी सुकरी शाळेच्या दारात उभी राहून उगाच हसत होती. आपल्या वाट्याला आलेला नाला पोरीच्या वाट्याला येऊ द्यायचा नाही, एवढं तिनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं होतं.

शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष ती कशी झाली, त्याचीही गंमत आहे. गावातले पुरुष बसले होते, आणि कोणीतरी चेष्टेत म्हणालं, "सुकरीबाईले करा ना अध्यक्ष, तिचा आवाज विनामाइक तालुक्यापर्यंत जाते." सगळे हसले. सुकरी मात्र हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती रोज खिचडीची चव बघायला हजर. गुरुजी उशिरा आले तर फाटकात कमरेवर हात ठेवून उभी. आधीचे गुरुजी तिला कंटाळून बदली करून घेऊन गेले, असं लोक म्हणतात. मग आला अतुल. सिंदेवाहीचा कोवळा पोरगा, पहिलीच नोकरी, शिक्षण सेवक. त्याची आणि सुकरीची मात्र गट्टी जमली. तो तिला "बाई" म्हणायचा, ती त्याला "गुर्जी" म्हणायची आणि घरी आलेली पहिली भाजी त्याला पाठवायची.

शाळा म्हणजे एकच मोठी खोली आणि पुढं पडवी. चार वर्ग, एक गुरुजी, एक फळा. एका एप्रिलात वादळ आलं आणि छपराच्या टिना, म्हणजे पत्रे, उडाल्या. एक टिन तर गावातल्या म्हाताऱ्या इसरूबावाच्या वावरात जाऊन उभी रुतली. भिंती तेवढ्या राहिल्या, वर नुसतं आभाळ.

अतुलनं लगेच दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवला. इंजिनियर आले, त्यांनी मोजमाप केलं, चहा प्यायला, गेले. आणि मग सुरू झाल्या मार्गदर्शक सूचना. बोरहेटीत मोबाइलला रेंज नाही. रेंज टेकडीवर, पळसाच्या एका झाडाखाली. अतुल रोज संध्याकाळी टेकडी चढायचा आणि नवी सूचना घेऊन उतरायचा. प्रस्ताव या नमुन्यात पाठवा. आठवड्यात दुसरी सूचना, तो नमुना रद्द, हा नवा. समितीचा ठराव जोडा. ठराव जोडला तर म्हणे ठरावाची तारीख अंदाजपत्रकाच्या आधीची पाहिजे. बँकेत नवं खातं उघडा. उघडलं, तर जुनं बंद का केलं नाही? मग सुधारित सूचना आल्या, आणि त्यानंतर सुधारित सूचनांमध्ये सुधारणा! अरे, टिना घालायच्या आहेत की लग्न जमवायचं आहे? नाकी नऊ आले त्या पोराच्या. सुकरी विचारायची, "आज काय म्हनते तुमची टेकडी?" आणि तो कपाळाला हात लावायचा.

जून आला. पोरं बसवायची कुठं? तेव्हा गोटुल पुढं आला.

गोटुल म्हणजे गावाचं घर. गावाची बैठक तिथं, भांडणाचा न्याय तिथं, आणि परगावचा पाहुणा आला तर त्याची खाटही तिथंच. त्याचा मान सांभाळणारा गायता, म्हणजे गावचा पुजारी, तो इसरूबावा. पाहुण्याला कोणाचा, कुठला, किती दिवस राहणार, असं तिथं विचारत नाहीत. त्याला आधी पाणी देतात, मग भाकर देतात. सुकरीनं गावाच्या बैठकीत पदर खोचून विचारलं, "लेकरं बी पाहुनेच समजा. टिना येईपर्यंत देता का गोटुल?" इसरूबावानं क्षणभरही वेळ घेतला नाही. "पाहुन्याले नाई म्हनाची रीत हाये का आपली? बसवा."

गावानं गोटुल सारवला. अतुल हौशी पोरगा, त्यानं निळ्या रंगानं भिंतीवर मोठ्या अक्षरात 'जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, बोरहेटी' असं लिहिलं, बाजूला एक फूल काढलं. सूचना आली होती की वर्ग कुठं भरतो त्याचा फोटो पाठवा. त्यानं पाठवला. फोटोत पोरं हसत होती, फूल छान दिसत होतं. बिचाऱ्याला काय ठाऊक, आपण काय पाठवतोय ते.

वर्ष असंच गेलं. पावसाळा गोटुलात, हिवाळा गोटुलात. गावाची बैठक असली की पोरांना सुट्टी, पाहुणा आला की पोरांचे पाढे ऐकत त्याला झोपावं लागायचं. कोणी कुरकुर केली नाही.

मार्च संपता संपता एका संध्याकाळी अतुल टेकडीवरून पळतच खाली आला. चप्पल एकाच पायात. "बाई, आला! निधी आला!" सगळं गाव गोळा झालं. त्यानं मोबाइल वर धरून मोठ्यानं वाचलं: "बोरहेटी शाळा दुरुस्ती, निधी समर्पित."

"समर्पित म्हंजे?" रुखमानं विचारलं. रुखमा म्हणजे शाळेत खिचडी शिजवणारी.

अतुलनं क्षणभर विचार केला. "म्हणजे अर्पण केला. आपल्या शाळेला दिला."

इसरूबावाला ते लगेच पटलं. "देवाले चढवतो ना आपून, तसं. सरकारनं शाळेले चढवलं." आणि देवाला चढवलेलं कोणी परत नेत नाही, हे तर शेंबड्या पोराला कळतं. त्या संध्याकाळी दोन कोंबड्या गेल्या. सुकरीनं अंगण झाडलं नाही. लच्छू घरातच बसून राहिला, आणि तिनं त्याला दोनदा वाढलं.

हसू नका. तुम्ही असता तर वेगळं काय समजला असता? समर्पित! काय सुंदर शब्द. देवळात शोभावा असा. एवढा चांगला शब्द कचेरीत उचलून न्यायचा आणि त्याला असल्या कामाला जुंपायचं, याला काय म्हणायचं?

एप्रिल सरत आला, टिना आल्या नाहीत. सुकरी म्हणायची, "येतीन. चढवला हाये ना." आणि मग महाराष्ट्र दिनाचं बोलावणं आलं. तालुक्याच्या गावी कार्यक्रम, बोरहेटीच्या समिती अध्यक्षांचा सत्कार. सुकरीनं लग्नातलं लुगडं काढलं. अतुल सोबत होताच. काळी-पिवळीत दाटीवाटीनं बसून दोघं गेले.

मंडप मोठा होता, पंखे होते, माइक होता. शिक्षण खात्याचे मोठे साहेब बोलायला उभे राहिले. गोड बोलायचे. म्हणाले, "आपल्या तालुक्यात बोरहेटीसारखी गावं आहेत, याचा मला अभिमान वाटतो. शाळेचं छत उडालं, पण गाव रडत बसलं नाही. शासनाकडे हात पसरले नाहीत. लोकसहभागातून स्वतःची वास्तू शाळेला दिली. आणि म्हणूनच या शाळेच्या दुरुस्तीचा निधी आम्हाला सन्मानानं समर्पित करता आला. अशा गावासाठी जोरदार टाळ्या!"

टाळ्या पडल्या. सुकरीनंही वाजवल्या. मनापासून, हात लाल होईस्तोवर वाजवल्या. साहेबांनी तिला शाल घातली, नारळ दिला, फोटो निघाला. फोटोत ती हसते आहे. तो फोटो मी पाहिला आहे, आणि पाहिला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

कार्यक्रम संपला तसे लोक जेवणाकडे वळले. नवाबभाई खुर्च्या उचलायला लावत होते. तालुक्यात त्यांचं टिना-लोखंडाचं दुकान, आणि कोणताही कार्यक्रम असो, मंडप नवाबभाईंचाच. सुकरी मोठ्या तोऱ्यात त्यांच्याकडे गेली.

"नवाबभाऊ, टिना काढून ठेवा बरं चांगल्या. आमच्या शाळेचा निधी समर्पित झाला. पायलं ना आत्ता, साहेबानं माइकवरच सांगतलं."

नवाबभाई तिच्याकडे बघतच राहिले. हातातली खुर्ची खाली ठेवली. "बाई, तुमाले कोनी सांगतलं नाई का? समर्पित मतलब वापस गया. मार्च में खर्च नाई झाला, तो सरकार कू वापस. मेरे कितने बिल ऐसे समर्पित हुए, मुझे पूछो ना."

"वापस?"

"वापस. खतम."

अतुलचा चेहरा राखेसारखा झाला.  सुकरीनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती एवढंच म्हणाली, "मी टाळ्या वाजवल्या रे गुर्जी. आपलंच नेलं, अन् मीच टाळ्या वाजवल्या."

तिनं खांद्यावरची शाल काढून नवाबभाईंच्या खुर्चीवर ठेवली आणि ती थेट जेवणाच्या पंगतीत साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. साहेब श्रीखंड खात होते.

"साहेब, आमचा पैसा वापस काऊन गेला?"

साहेब काही वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, भांडायला सोपं गेलं असतं. त्यांनी बोट पुसलं आणि समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. "ताई, निधी शेवटच्या आठवड्यात आला. खर्च करायचा तर आधी गरज दाखवावी लागते. पोर्टलवर तुमच्या शाळेला वर्गखोली उपलब्ध दिसते. फोटो आहे, शाळेचं नाव लिहिलेलं आहे. खोली उपलब्ध असली की गरज निरंक. निरंक म्हणजे शून्य. मग मी खर्च कसा दाखवू?"

"तो गोटुल हाये, साहेब. गावाचा. आम्ही तो चार दिवस टेकवाले देल्ला."

"असेल ना. पण वर्ग भरतो ना तिथं? मग अडचण काय आहे?"

"म्हंजे आम्ही लेकराइले उघड्यावर बसवलं असतं, तं पैसा भेटला असता?"

साहेब थोडे हसले. "तसं मी म्हणालो नाही. पुढच्या वर्षी पुन्हा प्रस्ताव द्या. आणि हो, शाळा बंद बिंद ठेवू नका रागाच्या भरात. वर्ग भरले नाहीत तर शाळा पलीकडच्या गावात समायोजित होते. तशा सूचना आहेत."

पलीकडचं गाव म्हणजे नाल्यापलीकडचं. सुकरीनं ते ऐकलं आणि ती तिथून निघाली.  परतीच्या काळी-पिवळीत अतुल रडत होता, तिनं त्याची समजूतही काढली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून अंगणात झाडू सुरू झाला. अंगण झालं, मग गल्ली झाली, मग शाळेची बिनछताची खोली झाली. तिथला वर्षभराचा पालापाचोळा तिनं एकटीनं बाहेर काढला. ऊन डोक्यावर आलं तेव्हा ती थेट गोटुलात गेली आणि तिनं इसरूबावाला बैठक बोलवायला सांगितलं.

बैठकीत तिनं सगळं सांगितलं. इसरूबावाला ते आधी कळेचना. मग कळलं, तसा म्हातारा उठून उभाच राहिला. "देवाले चढवलेलं कोनी उचलून नेते का? अन् आपून पाहुना म्हनून घरात घेतलं, तं पाहुन्यानं घरच आपल्या नावावर लावलं? हे कोनती रीत म्हनाची?"

"आपल्या तेंडूपत्त्याच्या पैशातून टिना घेऊन टाकू," लच्छू हळूच म्हणाला. "लेकरं तं बसतीन."

सुकरी त्याच्यावर ओरडली नाही. म्हणूनच सगळे घाबरले.

"घेऊ. अवश्य घेऊ. मंग साहेब येईन, फोटो काढीन, मले अजून एक शाल देईन. मंग दवाखाना बी आपूनच बांधू, नाल्यावर पूल बी आपूनच टाकू. दरसाल टाळ्या. आपून सगळंच करू तं ते तिथी कायले बसले हायेत? समर्पित कराले?"

"मंग मोहाखाली मांडव तरी टाकू," रुखमा काकुळतीला आली. "उन्हापान्यात कशे बसतीन लेकरं?"

"एक खुंटी बी रोवाची नाई," सुकरी म्हणाली. "खुंटी रोवली का तो लोकसहभाग होते. शाळा बंद नाई ठेवाची, नाईतर नाल्यापलीकडे फेकतीन. शाळा शाळेतच भरन. जशी हाये तशी."

 बैठकीतल्या प्रत्येकाचं पोर त्या शाळेत होतं. आपल्या हातानं आपल्या पोरावरची सावली काढून घ्यायची, हे बोलणं सोपं आहे का? शेवटी इसरूबावानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी सुकरीनं शेण-माती कालवून गोटुलाची भिंत सारवली. निळी अक्षरं गेली. ती फुलावरून हात फिरवत होती तेव्हा अतुल बाजूला उभा होता, त्याला ती म्हणाली, "तुमचं फूल चांगलं होतं गुर्जी. तुमचा दोष नाई."

जूनअखेरीला शाळा उघडली ती चार भिंती आणि आभाळ यांच्यात. पाऊस आला की वर्ग सुटायचा, पोरं दप्तर डोक्यावर धरून घरी पळायची. अतुल तेवढ्यात एक फोटो काढायचा आणि संध्याकाळी टेकडीवर चढून तालुक्यातल्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचा: 'छत नाही. पावसामुळे वर्ग सोडला.' रोज. पहिले काही दिवस कोणी पाहिलं नाही. मग तिकडून फोन येऊ लागले, असे फोटो टाकू नका, गटाचं वातावरण बिघडतं. अतुल म्हणायचा, "सर, रोजची माहिती रोज द्या, अशीच सूचना आहे." पोरगा तयार झाला होता.

सुकरीला काय होत होतं ते तिचं तिला ठाऊक. दिव्या दोनदा तापानं फणफणली. रात्रभर सुकरी पोरीच्या कपाळावर ओली चिंधी ठेवत बसायची. सरपणात ठेवलेले बांबू, घरात घडी घालून ठेवलेली ताडपत्री, सगळं हाताशी होतं. तासाभरात मांडव उभा राहिला असता. एका सकाळी तिनं ताडपत्री काढलीही, दारापर्यंत आणली, आणि परत नेऊन ठेवली. त्या दिवशी गावानं तिच्या झाडूचा आवाज दुपारपर्यंत ऐकला. लेकरासाठी दोन बांबू रोवायचे, तर ते लेकराचंच वाईट करणं, अशी वेळ ज्यांनी आणली त्यांच्या तोंडात कोणत्या देवानं कोणती शिवी घालावी, ती मला सुचत नाही. माझ्या ओळखीच्या सगळ्या कमीच पडतात.

शेवटी साहेब आले. नाला उतरला होता तेव्हा, जीप पलीकडे ठेवून, पँट गुडघ्यापर्यंत वर करून आले. पोरं भिंतींमध्ये बसली होती, सुकरी दारात होती. साहेबांना खुर्ची दिली. त्यांनी वर पाहिलं, ढग पाहिले.

"ताई, हे काय चाललंय? अख्ख्या जिल्ह्यात फोटो फिरतायत तुमचे. गावानं निदान एक ताडपत्री टाकायची होती की."

"टाकनार होतो साहेब. पन मंग लोकसहभाग झाला असता."

 तेवढ्यात थेंब पडू लागले. आधी फळ्यावर, मग साहेबांच्या चष्म्यावर. पोरांनी सवयीनं दप्तरं डोक्यावर घेतली. साहेब उठले, "चला चला, आधी मुलांना त्या गोटुलात घ्या. तिथं बसून बोलू."

"गोटुल समर्पित झाला, साहेब."

"म्हणजे?"

"म्हंजे वापस गेला. ज्याचा होता त्याच्याकडं. तुमचाच शब्द हाये."

गोटुलाच्या दारात इसरूबावा काठी टेकून उभा होता. त्यानं तिथूनच आवाज दिला, "जोहार साहेब! पाहुना म्हनून आले असान तं या. पानी देतो, भाकर देतो, खाट टाकतो. कोनी काई इचारनार नाई. पन साहेब म्हनून आले असान, तं साहेबाचं काम शाळेत होते."

साहेब मधल्या अंगणात उभे राहिले. एका बाजूला सारवलेला कोरडा गोटुल, दुसऱ्या बाजूला भिजणारी पोरं. त्यांनी एकदा दूरच्या नाल्याकडं पाहिलं, जीप तिकडे होती.  सुकरीच्या केसांतून पाणी निथळत होतं, पण ती जागची हलली नाही. तिला त्या माणसाची दया आली असती, पण तेवढ्यात दिव्या खोकली.

साहेब परत आले आणि ओल्या खुर्चीवर बसले. खिशातून मोबाइल काढला, रुमालानं पुसला, आणि पोरांचा, भिंतींचा, वरच्या पावसाचा फोटो घेतला. मग ते बोटानं खाली खाली सरकवत पाहणीचा नमुना भरू लागले; रेंज नव्हती, पाठवायचा तो टेकडीवरून. पडद्यावर पाणी साचत होतं, ते पुन्हा पुन्हा पुसत होते. एका रकान्यावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी मान वर केली नाही.

"ताई, इथं लोकसहभाग विचारलाय. काय लिहू?"

सुकरी त्यांच्या खांद्यावरून वाकून पडद्याकडं पाहत होती. चौथीपर्यंतचं वाचता येत होतं तिला.

"निरंक लिहा," ती म्हणाली.